गरुड आपल्या आकाशातला काढावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील सर्पगरुडावरचा लेख अभ्यासपूर्ण होता. परंतु त्यासोबत छापलेले चित्र सर्पगरुडाचे नव्हते. पांढरेशुभ्र डोके, पांढरी शेपटी आणि जाड पिवळी चोच असलेला तो पक्षी उत्तर अमेरिकेतला असून भारतात तो आढळत नाही. शाळांच्या भिंती, व्यायामशाळांचे फलक, स्पर्धांची प्रमाणपत्रे असे कुठेही पाहिले, तरी गरुड म्हणून हाच पक्षी रंगवलेला दिसतो. सह्याद्रीच्या डोंगररांगांत ज्याची शीळ नेहमी ऐकू येते, तो आपला सर्पगरुड मात्र मुलांच्या चित्रवहीत क्वचितच उतरतो. त्याचे अंग गडद तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके, चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंत पिवळी त्वचा, डोक्यामागे काळा-पांढरा तुरा आणि उडताना पंखांच्या मागच्या काळ्या कडेलगत रुंद पांढरा पट्टा असतो. चित्रकाराला याहून अधिक काय हवे?

मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रात आकाशात पक्षी म्हणून दोन वाकड्या रेघा ओढण्याची सवय मुलांना आम्ही शिक्षकच लावतो आणि शिकारी पक्षी काढायची वेळ आली की छापील चित्र पुढे ठेवतो. नकलेवरून नक्कल होत गेली की डोळ्यावरचे हाड रागीट भुवई बनते. प्रत्यक्षात ते हाड बाहेर आलेले असते आणि डोळ्यावर सावली धरते. त्यात राग नसतो. ती सावली नेमकी कोठे पडते हे दाखवले, तर पक्ष्याची नजर आपोआप साधते आणि वेगळी काळी रेघ मारावी लागत नाही.

सुरुवात करण्यासाठी कापशी घारीसारखा दुसरा पक्षी नाही. आकाराने ती कावळ्याहून थोडी लहान असते, माळावरच्या किंवा शेताकडेच्या विजेच्या तारेवर बराच वेळ बसून राहते आणि दुरूनही तिचा राखाडी-पांढरा रंग, खांद्यावरचा काळा डाग व लाल डोळा ओळखू येतो. बसलेली असताना तिच्या मिटलेल्या पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत, किंबहुना किंचित पुढेही पोहोचतात. याउलट शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी झाडीतून वेगाने वळणे घेत शिकार करतो, म्हणून त्याचे पंख आखूड आणि शेपटी लांब असते. बसल्यावर शेपटीचा मोठा भाग पंखांखालून मोकळा दिसतो. एवढे एकच प्रमाण विद्यार्थ्याने पेन्सिल धरून मापले, तरी दोन्ही पक्ष्यांचे जगणे त्याच्या कागदावर येते. पिसे मोजत बसण्यापेक्षा आधी हे पाहायला शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

समोरचा पक्षी पाहून चित्र काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. इराणच्या शाह अब्बासकडून आलेला एक दुर्मीळ ससाणा लवकरच मरण पावला, तेव्हा त्याची प्रतिमा जतन व्हावी म्हणून जहांगीर बादशहाने आपला दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याला त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली, अशी नोंद बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. आज शिकारी पक्षी पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. जवळून आकार समजून घ्यायचा असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्ग विभागात पेंढा भरलेल्या पक्ष्यांसमोर बसून रेखाटन करता येते. बसण्याची ढब आणि उड्डाण मात्र माळावर, दुर्बिणीतूनच शिकावे लागते.

गिधाडांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष पाहून चित्र काढण्याची निकड अधिक आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेल्यामुळे १९९० च्या दशकापासून त्यांची संख्या कमालीची घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी गावाबाहेर गिधाडांचा थवा उतरलेला पाहिलेली मुले आता विरळाच. व्यंगचित्रात मात्र गिधाड अजूनही लोभाचे प्रतीक म्हणून हजर असते, याचे मला वाईट वाटते.

आपणांस विनंती आहे की, पुढील लेखांसोबत आपल्याच भागातील पक्ष्यांची, प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने छापावीत, त्यासाठी कला महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आवाहन करावे आणि चित्राखाली पक्ष्याचे नाव व तो दिसला तो तालुका द्यावा. घरट्याची जागा मात्र कधीही छापू नये, कारण विणीच्या हंगामात तेथे गर्दी झाली तर पक्षी घरटे सोडून जाण्याची भीती असते.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा