बातमी कोणाची, सांगायची कोणी?

संपादक महोदय,

एखादा अभिनेता किंवा खेळाडू आपण समलिंगी असल्याचे स्वतः जाहीर करतो, तेव्हा ती बातमी जरूर छापावी. माझा आक्षेप आहे तो त्यानंतर घरच्यांच्या दारात माइक घेऊन उभे राहण्याला. मे २०१९ मध्ये धावपटू द्युती चंद हिने आपल्या गावातील एका तरुणीशी असलेले नाते उघड केले, मात्र त्या तरुणीचे नाव तिने जाणीवपूर्वक सांगितले नाही. पुढे चर्चा रंगली ती तिच्या घरच्यांच्या विरोधाची. आदल्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदके मिळवणारी ही खेळाडू. पण धावण्यापेक्षा घरातले भांडण चघळायला सोपे असावे.

परभणी-हिंगोलीकडे अशा बातमीचा परिणाम अधिक खोल होतो. आमच्याकडे एकच अंक घरभर फिरतो, मग शेजारी जातो, सलूनमध्ये मोठ्याने वाचला जातो. सेनगाव किंवा पाथरीचा एखादा मुलगा, ज्याने अजून कोणालाच काही सांगितलेले नाही, तो या बातमीवर वडील आणि चुलते काय बोलतात हे कान देऊन ऐकत असतो आणि घर आपल्याला कितपत सांभाळून घेईल याचा अंदाज त्यावरून बांधतो. पुण्या-मुंबईत त्याला निदान एखादी संस्था सापडेल. आईचा संताप चार रकाने आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे म्हणणे चार ओळी, अशी बातमी आली तर इथल्या आईबापांना आयती वाक्ये मिळतात.

जी व्यक्ती बोललेलीच नाही, तिच्याविषयी तर प्रश्नच नको. जून २०२२ मध्ये ‘सिडनी मॉर्निंग हेराल्ड’च्या स्तंभलेखकाने अभिनेत्री रिबेल विल्सन हिला तिच्या नात्याविषयी उत्तर देण्यासाठी जेमतेम दोन दिवसांची मुदत दिली, तिने स्वतःच ते जाहीर केल्यावर बातमी हुकल्याची तक्रारही छापली. टीकेनंतर तो मजकूर मागे घेऊन माफी मागावी लागली. आपल्याकडे तर फेब्रुवारी २०१० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसे शिरली होती. समलिंगी संबंधांवरून सिरस निलंबित झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिल्यानंतर काही दिवसांतच, एप्रिलमध्ये, ते घरी मृतावस्थेत सापडले. ते काही प्रसिद्ध नट नव्हते; भूक मात्र तीच होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. तेव्हा आपल्या दैनिकाने अशा व्यक्तीचे निवेदन पूर्ण छापावे, तिने न सांगितलेले जोडीदाराचे नाव शोधू नये आणि नातेवाइकांच्या प्रतिक्रिया गोळा करणे थांबवावे. रंगीत पुरवणीतील ‘आता पुढे कोण?’ छापाचे तर्कही या नियमातून सुटू नयेत. हे धोरण एकदा अंकात प्रसिद्ध करावे, म्हणजे जिल्हा पानाच्या वार्ताहरालाही ते बंधनकारक राहील आणि त्याचा भंग झाल्यास आम्हा वाचकांना ते दाखवून जाब विचारता येईल.

— एक वाचक, परभणी