शोकाचा अभ्यास मृत्यूच्या आधी सुरू व्हायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उतारवयातल्या वियोगावर काही छापून आलं की त्यात ‘शोकाच्या पाच पायऱ्या’ हमखास असतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून ठरवल्या होत्या, मागे राहिलेल्या जोडीदारांशी बोलून नव्हे. हे अनेकदा सांगून झालं, पायऱ्या काही हटत नाहीत. ते असो. आम्हाला लिहायचं आहे ते या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या तरुण मंडळींसाठी, कारण त्यांच्या आराखड्यांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. जोडीदार गमावलेल्यांची यादी मिळवायची, पाच-सहा महिन्यांनी त्यांना गाठायचं आणि दुःख मोजायचं.

समजा, पत्नी जाऊन सहा महिने झालेले पंचाहत्तरीचे गृहस्थ आहेत. झोप नाही, अन्नावर वासना नाही. हे तिच्या जाण्यानं झालं, तिचं आजारपण काढताना आधीच जडलं, की तरुणपणापासूनचं नैराश्य आहे? मागाहून विचारून हे उलगडत नाही. गेलेल्या माणसाच्या आठवणी उजळतात, आणि सेवेतला शीण एक तर विसरला जातो, नाहीतर सांगावासा वाटत नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरात १९८७-८८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासानं म्हणूनच वेगळी वाट धरली. दोघंही हयात असताना १,५३२ विवाहितांच्या मुलाखती घेतल्या आणि मग वाट पाहिली. कोण गेलं हे कळण्यासाठी सरकारी मृत्युनोंदींबरोबर स्थानिक वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता रोज वाचल्या जात. मागे राहिलेल्यांना ६, १८ आणि ४८ महिन्यांनी भेटलं गेलं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यातल्या २०५ जणांची आधीची आणि नंतरची माहिती शेजारी ठेवून पाहिली. जवळपास निम्मे मोडून पडलेच नव्हते. सारख्याच खचलेल्या दिसणाऱ्यांत दोन गट निघाले: मृत्यूनंतर ढासळलेले आणि आधीपासून नैराश्यात असलेले. एक लहान गट तर जोडीदार गेल्यावर सावरला. पहिली मुलाखत नसती तर हा गट दिसलाच नसता.

आता मृत्यूआधीच्या मुलाखतीतल्या मोजमापाचं. काळजीवाहकाचा, म्हणजे रुग्णाची सेवा करणाऱ्याचा, भार मोजायला स्टीव्हन झारिट यांची प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. पहिलाच प्रश्न साधारण असा: रुग्ण गरजेपेक्षा जास्त मदत मागतो असं तुम्हाला वाटतं का? रुग्ण पलीकडच्या खोलीत, दार उघडं, आणि हा प्रश्न मोठ्यानं वाचला तर उत्तर ‘कधीच नाही’ असंच येणार. शून्य गुण. अशी शून्यं बेरजेत गेली की भार कमी दिसतो, आणि पुढं दुःखाशी त्याचा संबंध जोडताना सगळं गणित फसतं. दार लावून घ्यावं, किंवा कागद हातात देऊन खुणा करायला सांगावं. नजर अधू असेल तर मोठ्या ठशात छापावा.

‘रोज किती तास सेवा करता?’ हा प्रश्नही कुचकामी आहे. उत्तर येतं, चोवीस तास. त्याऐवजी कालचा दिवस विचारावा: उठल्यापासून आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, शौचाला नेणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं, प्रत्येकाला किती वेळ लागला, आणि रात्री किती वेळा उठावं लागलं. रात्रीचं उठणं माणसं आपणहून सांगत नाहीत, त्यांच्या लेखी ते कामात धरलेलंच नसतं.

सुटकेच्या भावनेबद्दल विचारायला बहुतेक संशोधक कचरतात. रिचर्ड शुल्झ आणि सहकाऱ्यांनी विचारलं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा केलेल्या २१७ नातेवाइकांच्या २००३ च्या या अभ्यासात ७२ टक्क्यांनी, मृत्यूनं आपल्याला सुटका वाटली, असं सांगितलं. रुग्ण सुटला हे चारचौघांत म्हणता येतं, मी सुटलो म्हणायची चोरी. तेव्हा प्रश्न याच क्रमानं घ्यावेत, आधी रुग्णाबद्दल, मग स्वतःबद्दल.

पुढच्या भेटींत माणसं गळतात, तीही एकसारखी नाही. सर्वांत थकलेले आणि सर्वांत खचलेले आधी नकार देतात, म्हणून उरलेला नमुना प्रत्यक्षापेक्षा ठणठणीत दिसतो. बरेचजण मृत्यूनंतर घर बदलून मुलांकडे जातात. पहिल्याच भेटीत दोन आप्तांचे फोन नंबर लिहून घ्यावेत. मृत्यूनंतर आधी पत्र, मग फोन. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला स्मृतिदिन यांच्या आसपास मुलाखत ठेवू नये. त्या दिवसांत दुःखाचे गुण उसळतात. दीर्घकालीन शोकविकाराच्या (न ओसरणाऱ्या, रोजचं जगणं अडवणाऱ्या शोकाच्या) निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची आयसीडी-११ मृत्यूनंतर किमान सहा महिने मागते, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका डीएसएम-५-टीआर प्रौढांसाठी बारा. पाचव्या महिन्यात एकदाच भेटलेल्या अभ्यासाला यातला कुठलाच निकष लावता येत नाही, तरी तसे निष्कर्ष काढले जातात.

हे सगळं पीएचडीच्या मुदतीत बसत नाही, हा आक्षेप खरा आहे. मग प्रबंध सेवेच्या काळावरच करावा, मात्र पुन्हा भेटण्याची लेखी संमती तेव्हाच घ्यावी. मृत्यूनंतरचा टप्पा पुढच्या नोकरीत करता येतो. तेवढा धीर नसेल तर अमेरिकेतल्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’ची माहिती नोंदणी करून संशोधकांना मिळते. १९९२ पासून पन्नाशीपुढच्या लोकांना दर दोन वर्षांनी विचारलेली, आणि सहभागी व्यक्ती वारल्यावर तिच्या आप्ताची मुलाखत असलेली. झारिट यांची प्रश्नावली त्यात नाही, तेव्हा आपला प्रश्न त्या चौकटीत बसतो का, हे आराखडा लिहिण्याआधी पाहावं.

आपले,
वार्धक्य आणि शुश्रूषा या विषयांचे अभ्यासक