रस्ता वर, घर खाली आणि विरोधक आम्ही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्यासारख्या नागरिक मंडळांना विकासविरोधी ठरवणारा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसलो होतो. सौ. म्हणाली, सकाळी लिहा, तोवर डोकं शांत होईल. झालेले नाही.

‘मूठभर निवृत्तांना वस्ती जशीच्या तशी हवी असते,’ असे आपले वार्ताहर लिहितात. निवृत्त आहोत, त्यात लपवायचे काय? मूठभरही असू. बैठकीला तेवढेच येतात, बाकीचे चहा आल्यावर. पण ‘जशीच्या तशी’ हे मात्र ऐकवत नाही. आमची वस्ती जशीच्या तशी राहिली असती, तर आज हे पत्र टाकायला मी चिखल तुडवत मुख्य रस्त्यापर्यंत गेलो असतो. एका गृहनिर्माण संस्थेने शेतावर चुन्याच्या रेघा मारल्या आणि आम्ही प्लॉट घेतले. रस्ता नव्हता, नळ नव्हता, गडर लाइन (सांडपाण्याची नळी) नव्हती. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन घर गाठायचे. ‘५७२’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे अनधिकृत ले-आउटांचे आकडे ऐकले की जुन्या नागपूरकराला काय काय आठवते, ते आपल्या तरुण वार्ताहरांना कोणीतरी सांगा. २००१ साली असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा झाला, मग पैसे भरायची डिमांड नोट आली, पेन्शनीतून विकास शुल्क भरले, आरएलसाठी (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी) चपला झिजवल्या. आमच्या मंडळाचा पहिला ठराव गडर लाइन मागण्याचा आहे. दुसरा रस्त्याचा. रजिस्टर सचिवांकडे आहे, येऊन पाहावे. ज्यांनी अर्ज करकरून विकास मागून घेतला, ते आता विकासविरोधी! छान.

आमचा प्रश्न साधा आहे. जिथे एका कुटुंबाचा बंगला होता तिथे फ्लॅट स्कीम उभी राहते. राहू द्या. लोकांना घरे हवीत, आमच्याही मुलांना हवीत (माझा पुण्यात आहे, तो येत नाही, ही वेगळी गोष्ट). पण एका घराच्या जागी दहा घरे आली, तर दहा घरांचे सांडपाणी त्याच जुन्या गडर लाइनमधून जाणार, त्याच नळाला दहा मोटरी लागणार आणि चारचाक्या रस्त्यावर उभ्या राहणार. लाइन आधी बदला, मग मजले वाढवा, एवढेच आम्ही लेखी मागितले. याला विरोध म्हणतात हे कालच कळले.

आता एफएसआयबद्दल, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते त्याबद्दल. आपल्या लेखात ‘नियमानुसार’ हा शब्द फार वेळा आला आहे. २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीत रस्ता ९ मीटरचा असला की प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारे जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) या दोन्हींचे दार उघडते. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के पूरक क्षेत्र मिळते, ते निराळे. ९ मीटरच्या आत असाल तर मूळ १.१० वर थांबा. म्हणजे सगळा खेळ रस्त्याच्या रुंदीवर. आमच्या गल्लीचा रस्ता नकाशात तीस फुटी आहे. प्रत्यक्षात आम्ही फीत लावली, तर तीस फूट कुठेच भरत नाही. मी सरकारी खात्यात आयुष्यभर फीतच धरली आहे, त्यामुळे मोजमापात चूक असेल असे कोणी म्हणू नये. काही शेजाऱ्यांनी कुंपणाबाहेर बागा केल्या आहेत, हेही मी बैठकीत सांगतो. ते सांगितले की बैठक लवकर संपते.

ही मोजणी घेऊन आम्ही सुनावणीला गेलो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, आपण छापणार नाही. सकाळची वेळ दिली होती, आत बोलावले ते जेवणाच्या सुट्टीनंतर. बिल्डरचे आर्किटेक्ट तोवर साहेबांच्या एसी केबिनमध्ये, आम्ही बाहेरच्या बाकड्यावर. साहेबांचा पहिला प्रश्न, ‘तुमचं मंडळ रजिस्टर्ड आहे का?’ प्रमाणपत्र दाखवले. दुसरा प्रश्न, ‘यात तुमचा वैयक्तिक हितसंबंध काय?’ मी म्हटले, पाणी माझ्या घरात शिरतं, हा. साहेबांनी ‘नोंद घेतली’ म्हटले. कुठे घेतली ते दिसले नाही.

पाणी कसे शिरते ते सांगतो, कारण आपल्या लेखात ‘सिमेंट रस्त्यांमुळे वस्त्यांचा चेहरामोहरा बदलला’ असे वाक्य आहे. आमच्या घराचा तर फारच बदलला. पूर्वी डांबरी रस्त्यावरून फाटकात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. सिमेंटचा रस्ता करताना जुना रस्ता खोदून काढला नाही, त्याच्यावरच थर चढवला. मग दोन्ही बाजूंना गट्टू (सिमेंटच्या फरशा) बसवले, तेही उतार आमच्याकडे ठेवून. आता रस्त्यावरून फाटकात दोन पायऱ्या उतरावे लागते. पावसाळी नाली नकाशात आहे म्हणतात. असेल. काम चालू असताना मी तिथल्या सुपरवायझरला गाठले. पोरगा चांगला होता, पाणीही प्यायला आमच्याकडे. म्हणाला, ‘काका, रोड वर नाही आला, तुमचं घर खाली गेलं.’ मी विचारले, मग मी काय करू? म्हणाला, ‘जॅक लावून उचलून घ्या ना. आजकाल सगळेच घेतात.’

त्याला रागावून उपयोग नव्हता. त्याला वरून जी पातळी दिली तीच त्याने पाळली. पण ज्याने ती पातळी ठरवली त्याने आमच्या एकाही घराच्या जोत्याची उंची पाहिली नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. शेजारी नवीन स्कीम झाली, तिने स्टिल्टच (इमारतीखालचे पार्किंग) रस्त्यापेक्षा वर घेतले आणि रॅम्प थेट रस्त्यात उतरवला. तिच्या अंगणातले पाणीही आता माझ्याकडे येते. मी खड्ड्यात आहे, अगदी शब्दशः. जोराचा पाऊस आला की आधी पोर्च, मग बैठक. फ्रिज आम्ही विटांवर ठेवला आहे. गडर लाइन तुंबली की मोरीतून पाणी उलटे वर येते, त्याचे वर्णन सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचणाऱ्यांसाठी करत नाही. फाटकात विटांचा बांध घातला, तर पाणी थांबले आणि स्कूटरही थांबली. आता स्कूटर रस्त्यावर असते आणि तिचा फोटो काढून दंडाची पावती येते.

आणि आम्ही बोललो की आम्ही अडथळा! २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इतक्यात विसरलात? काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पात्र ते पाणी पोटात घेऊ शकले नाही आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या लोकांना झोपेतून उठून गच्चीवर जावे लागले. माणसे गेली. तेव्हा आपणच पहिल्या पानावर ‘जबाबदार कोण?’ असे विचारले होते. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका कोणी नेली? तिथल्या रहिवाशांनी. सांडव्यासमोर काय उभे आहे, पात्रात काय बांधले आहे, हे सगळे त्या याचिकेमुळे चव्हाट्यावर आले. तेही विकासविरोधीच म्हणायचे का? आणि मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली, त्यानंतर कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, तेव्हा ‘काका, आमच्याकडे नळ नाही आला’ म्हणत लोक कोणाच्या दारात येत होते? मूठभर निवृत्तांच्याच.

आणखी एक. ज्या अंकात आमच्यावर लेख आहे, त्याच अंकाचे पहिले पूर्ण पान एका फ्लॅट स्कीमची जाहिरात आहे. मागचे पानही तेच. बातमी सुरू होते तिसऱ्या पानावर. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, हे मला समजते. पण जाहिरातीतल्या चित्रात इमारतीसमोर जो चौपदरी रस्ता आणि झाडांची रांग दाखवली आहे, तो रस्ता आमच्याच गल्लीचा आहे. मी तिथेच राहतो. तसला रस्ता तिथे नाही, झाडांपैकी एक कडुनिंब आहे आणि त्याचाही तोडण्याचा अर्ज लागलेला आहे. आपला वार्ताहर त्या अर्जाची बातमी करेल का, एवढे विचारतो. हरकतीची मुदत संपायच्या आत केली तर बरे.

वार्ताहरांना आमच्याकडे जरूर पाठवा. त्यांना फीत देऊ, रस्ता स्वतः मोजू द्या. फक्त पावसात पाठवा, आणि गमबूट घालून.

आपला,
एक जुना वाचक (आणि मंडळाचा सदस्य)
दक्षिण-पश्चिम नागपूर
(कृपया नाव छापू नये. शेजारच्या स्कीमचे लोक चांगले आहेत, राग त्यांच्यावर नाही.)

ता. क. : शब्दकोड्याची चौकट गेल्या महिन्यापासून इतकी बारीक छापता की भिंग लागते. तेवढी जागा कशाला गेली, ते वर लिहिलेच आहे.