आराखडा पुरा झाल्याशिवाय पत्रा कापू नका

अमेरिकी तटरक्षक दलाच्या आइसब्रेकरांविषयी, म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजांविषयी, छापून येते ते जहाजे किती आणि डॉलर किती, एवढेच. खरे दुखणे इंजिनरूममध्ये आणि गोदीत आहे.

त्यांतले ‘पोलर स्टार’ हे जहाज १९७६ सालचे. तीन गॅस टर्बाइन, ७५,००० अश्वशक्ती. सहा फूट बर्फ ते सलग कापत जाते. त्याहून जाड असेल तर मागे सरून पुन्हा पुन्हा धडक मारावी लागते. अशा प्रत्येक धडकेचा हादरा जहाजाचा पंखा (प्रोपेलर), तो फिरवणारा शाफ्ट आणि शाफ्टभोवती पाणी अडवणारे सील यांच्यापर्यंत पोचतो. जानेवारी २०१९ मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळाच्या वाटेवर शाफ्टच्या सीलमधून पाणी आत आले आणि पाणबुड्यांना बर्फाळ पाण्यात उतरून बाहेरून गळती थांबवावी लागली. जुळे जहाज ‘पोलर सी’ २०१० मध्येच बंद पडले, कारण टर्बाइनांखेरीज असलेल्या सहापैकी पाच डिझेल इंजिनांचे सिलिंडर झिजले होते. तेव्हापासून त्याचे भाग काढून ‘स्टार’ला लावतात. यालाच देखभाल म्हणायचे!

अशाच नव्या आइसब्रेकराचा करार एप्रिल २०१९ मध्ये झाला. पहिले जहाज २०२४ ला यायचे होते, ते आता दशक संपता संपता येईल. आराखडा अपुरा असतानाच वेळापत्रक जाहीर झाले, शिवाय जवळजवळ पन्नास वर्षांत अमेरिकेत कुणी हेवी (जाड बर्फ फोडणारा) आइसब्रेकर बांधलेच नव्हते. सांगाड्यासाठी ईक्यू-४७ दर्जाचे जाड, चिवट पोलाद लागते. ते आधी ठरावीक तापमानापर्यंत तापवले नाही किंवा इलेक्ट्रोड दमट राहिले, तर जोडात हायड्रोजन अडकतो आणि वेल्डिंग झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी तडा जातो. लगेच तपासले तर जोड निर्दोष दिसतो. त्यात फ्रेम (सांगाड्याच्या फासळ्या) इतक्या जवळजवळ की वेल्डरचा हात कसाबसा पोचतो. असे वेल्डर घडवण्यातच वर्षे जातात.

उलट याच दलाच्या ‘हीली’ या दुसऱ्या आइसब्रेकरचे पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तिची पंखा फिरवणारी एक मुख्य (प्रोपल्शन) मोटर जळाली. १०६ टनांची जादा मोटर जहाज बांधतानाच घेऊन बाल्टिमोरला दोन दशके ठेवलेली होती, म्हणून जहाजाची कूस कापून ती बसवता आली. ही खरेदी त्या वेळी उधळपट्टीच वाटली असणार.

हे सारे आपल्या कामाचे आहे. १९८१ पासून आपल्या अंटार्क्टिक मोहिमा भाड्याच्या जहाजांवर चालल्या आहेत. स्वतःच्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने जून २०२५ मध्ये नॉर्वेच्या कोंग्सबर्गशी सामंजस्य करार केला. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने आताच आग्रह धरावा: तपशीलवार रेखांकने मंजूर झाल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, वेल्डरांची चाचणी प्रत्यक्ष जाडीच्या पत्र्यावरच घ्यायची, आणि जादा मोटर, शाफ्ट सील, पंख्याची पाती मूळ करारातच मागायची. नंतर मागितली की किंमत पुरवठादार ठरवतो.

– एक वाचक, वास्को