आप्पा मिस्तरी, त्या ब्रीदरबद्दल आभार

आदरणीय आप्पा,
स.न.वि.वि.

केळीचा सीझन ऐन भरात आणि माझ्या जुन्या सहाचाकीच्या मागच्या चाकातून ऑइल गळतंय, हे दुखणं तुमच्या सावद्याच्या गॅरेजमध्ये येईपर्यंत काही जात नव्हतं. तेल अडवणारं नवं सील टाकलं की थोडे दिवस कोरडं, मग पुन्हा ब्रेकच्या लायनरवर तेल. जो तो सीललाच नावं ठेवायचा.

तुम्ही मात्र चाकाआधी हाउसिंगच्या (मागच्या एक्सलच्या लोखंडी कवचाच्या) वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी टोपी, काढलात. बोटाच्या पेराएवढी वस्तू, आत काळी माती आणि तेलाची घट्ट गुठळी. गाडी पळते तसं आतलं ऑइल तापतं, हवा फुगते. वरची वाट बंद असली की ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. मे महिन्यातलं आपलं ऊन असेल तर बघायलाच नको. डिझेलमध्ये धुऊन, फुंकून तुम्ही तो परत बसवलात. सील बदललंच, पण या वेळी ते टिकलं.

त्याहून मोठे आभार पोऱ्यावर ओरडलात त्याबद्दल. “आधी पुढच्या चाकांना दगड लाव रे भो!” तो म्हणाला, गाडी गिअरमध्ये आहे ना. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि त्याला नीट समजावलंत. फुल फ्लोटिंग एक्सलमध्ये गाडीचं वजन हाउसिंग आणि हबची बेअरिंगं पेलतात, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून शाफ्टच्या टोकाच्या चकतीचे, फ्लँजचे, नट काढले की चाक जागच्या जागी ठेवून शाफ्ट ओढता येतो. पण एक शाफ्ट निघाला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जुळणी) मोकळं फिरतं, मग गिअर दुसऱ्या चाकालाही धरत नाही. उतारावर गाडी सरळ चालू लागेल.

शेजारी भाच्याची जुनी व्हॅन उभी होती. तिचा एक्सल सेमी फ्लोटिंग. चाक शाफ्टवरच बसलेलं, भारही त्याच्यावर. शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकासकट निखळू शकतो. तिथे तुम्ही नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू दिला नाही, हाउसिंगखाली स्टँड लावूनच चाक काढायला लावलंत. आणि ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग सुटतो का बघा, मगच खालचा सोडा, हेही तुमचंच. नाहीतर हाउसिंग रिकामं करून बसायचं!

मजुरी तुम्ही फक्त सीलची घेतलीत, हे मला पटलेलं नाही. पुढच्या खेपेला केळीचा घड आणतोय, परत पाठवू नका.

आपला,
रावेरचा गाडीवाला