बायो, या वेळी चिठ्ठीत ताप लिहिलेला नाही

भांडुप, शनिवार, ८ मार्च २०२५
रात्रपाळी

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पप्पा पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. पण तू पावणेसातला शाळेला निघतेस तेव्हा मी पाणी खात्याच्या भांडुप संकुलातून पाळी संपवून निघायच्या तयारीत असतो, आणि तू क्लासवरून येतेस तेव्हा मी डबा घेऊन बाहेर पडत असतो. आपली भेट होते ती जिन्यात. गुरुवारीही जिन्यातच झाली. तू म्हणालीस, "मी शिमग्याला येणार नाही, आणि या वर्षी मला ताप आणू नका." वरून शेजारच्या काकू उतरत होत्या म्हणून मी गप्प बसलो, असं मी तुझ्या आईला सांगितलं. काकू नसत्या तरी मी गप्पच बसलो असतो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागच्या वर्षी होळी २४ मार्चला होती, रविवारी. धुळवडीला जोडून आपण आणखी चार दिवस काढले. डायरीत रजेच्या पानावर मी लिहिलं, "पाल्यास ताप आल्यामुळे." दाखला लागेल म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांकडून तोही आणला. त्यांनी तुझं तोंड पाहिलं नाही, माझ्याकडून शंभर रुपये घेतले आणि 'विषाणूजन्य ताप' लिहून दिलं. मला वाटलं, काम झालं.

पुढचं मला काल कळलं, आईकडून. तू परत गेलीस तेव्हा कानामागचा गुलाल निघाला नव्हता आणि उन्हाने तोंड रापलं होतं. बाईंनी विचारलं, "काय गं, अशक्तपणा आहे का अजून?" तू हो म्हणालीस. त्या बिचाऱ्यांनी स्वतः तुझ्या वह्या पूर्ण करायला वर्गातल्या एका मुलीला सांगितलं. खेळाच्या सरांनाही सांगून आल्या, हिला आठवडाभर पळवू नका, तापातून उठलीय. आणि त्याच आठवड्यात खो-खोची निवड होती. तू कडेला बाकावर बसून इतरांची दप्तरं सांभाळत होतीस.

बायो, एक वर्ष तू हे पोटात ठेवलंस. मी आजीला फोनवर सांगत होतो की पोरीने शिमग्यात मजा केली.

आता माझी बाजू सांगतो. पटली नाही तर सोडून दे.

आमच्या पाणी खात्यात निम्मी माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. शिमगा आला की रजेवरून रस्सीखेच सुरू होते, कोण गणपतीला गेला होता, कोणी आता थांबायचं याचे हिशेब निघतात. पण रजेच्या अर्जावर आम्ही सरळ लिहितो, 'गावी शिमगा, किरकोळ रजा मिळावी.' साहेब कुरकुरतो आणि सही करतो. पंचवीस वर्षांत मला एकदाही ताप आणावा लागला नाही. मग तुझ्या बाईंना खरं का नाही लिहिलं? याचा मी रात्रभर पंपांच्या आवाजात विचार केला. त्यांना समजणार नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलंच नव्हतं. नको म्हणाल्या असत्या तर काय करायचं, ही भीती. आणि मी तुला विचारलं नाही त्यामागेही हीच भीती होती.

गणपतीचं एक बरं असतं. शाळाच सुट्टी देते, त्यामुळे आई-बापाला खोटं बोलावं लागत नाही. शिमग्याला मिळते ती धुळवडीची एक सुट्टी. आणि आमची पालखी मे महिन्यात येत नाही गं. तू मला म्हणालीस, "गावाला मे महिन्यात जाऊ की, आंबे पण असतात." आंबे असतात, पण सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली पालखी नसते. तिला देवांची रूपं, म्हणजे मुखवटे, लागलेली नसतात. आपल्या वाडीतल्या एकोणीस घरांपैकी अकराला कुलूप असतं, ते फक्त या दिवसांत उघडतं. आपला भद्रेचा शिमगा, पौर्णिमेचा. ओढ्यापलीकडच्या गावाचा तेरसाचा, म्हणजे त्रयोदशीचा, ते आपल्याआधी होळी लावून मोकळे होतात आणि मग आपली बघायला येतात. आपल्या अंगणात पालखी येते ती होळीनंतर, वाडीचा क्रम लागेल तशी. या वर्षी तो क्रम १६ तारखेला, रविवारी आहे. आजी आठवडाभर आधीपासून अंगण सारवायला माणूस शोधत असते. स्वतः सारवायची, आता गुडघे ऐकत नाहीत. परवा फोनवर तिने माझी तब्येत विचारली नाही, थेट म्हणाली, "पोरीला आनतोस ना रे?"

तू मागच्या वर्षी विचारलं होतंस की पालखी नाचवायला मुलगे आणि पुरुषच का, आम्ही फक्त ओटी भरायची का. मोठ्या काकाने विषय बदलला होता, मीही बदलला. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. गावच्या बैठकीत कोणीतरी विचारायला हवं, आणि तो कोणीतरी मी असायला हरकत नाही. पण आज ते नको, नाहीतर पत्र संपायचं नाही.

तर दिवसांचा हिशेब. मी तुला फुशारकीने म्हणालो होतो, कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस शाळा, त्यातले चार म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. तू म्हणालीस, "पप्पा, सगळे दिवस सारखे नसतात." हे तुला कोणी शिकवलं? मागच्या वर्षी त्या चार दिवसांत (अ + ब) चा वर्ग झाला, तो तुझा राहिला, आणि या वर्षी आठवीच्या विस्तारसूत्रांत तोच आडवा आला. दिवाळीनंतर तू रात्री रडत होतीस ते त्याच्यामुळे, आणि मी क्लासवाल्यांना दोष देत होतो. शिवाय आठवीची वार्षिक परीक्षा आता आम्हाला होती तशी खरी परीक्षा झालीय. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर वर्ग तोच. एप्रिल काही लांब नाही.

तुझ्या मामाने इंग्लंडहून सांगितलेली गोष्ट आठवते? तिथे शाळा चालू असताना परवानगीशिवाय पाच दिवस मूल सुट्टीवर नेलं तर घरी दंडाची नोटीस येते. ऑगस्ट २०२४ पासून ८० पाउंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. तोही आईला वेगळा, बापाला वेगळा, आणि मुलागणिक. एका बापाने २०१५ मध्ये मुलीला सात दिवस फ्लोरिडाला नेलं आणि दंड भरणार नाही म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. मुलीची हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर आहे, मग ती नियमितच, हे त्याचं म्हणणं. २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं, नियमित म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे. हरला. मामा हे सांगत होता तेव्हा मी जोरात हसलो होतो की बरं बाबा आम्ही भांडुपला आहोत. आता वाटतं, तिकडे निदान आई-बाप भरतात. इकडे मला दमडी पडली नाही. जे काही पडलं ते तुला.

आणखी एक कबुली. आपल्या इमारतीतले काहीजण मे महिन्यात हॉटेलं महाग म्हणून फेब्रुवारीत पोरांना महाबळेश्वरला नेतात, त्यांना मी नावं ठेवतो. पण आपण १२ तारखेपासून का जातोय? होळी १३ ला आहे, घरची पालखी १६ ला. १२ ला तिथे आपलं काहीच काम नाही. खरं कारण तिकीट. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबरपासून ६० दिवसांवर आणलंय. ११ जानेवारीला सकाळी आठ वाजता मला १२ मार्चच्या तुतारी एक्सप्रेसची चार तिकिटं मिळाली. १३ जानेवारीला १४ मार्चच्या गाडीसाठी मी आणि मोठा काका दोन मोबाईल घेऊन बसलो. आठ वाजून तीन मिनिटांनी वेटिंग शंभराच्या वर. म्हटलं, जाऊ दे, आधीच जाऊ, पोरांचे दोन दिवस काय. गाडीसाठी तुझी शाळा बुडवायची ठरवली आणि नाव देवाचं पुढे केलं.

तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. आजोबा परळला गिरणीत होते हे तुला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. मार्चमध्ये आजीने आम्हा भावंडांना सांगितलं, चार दिवस शिमग्याला जाऊन येऊ. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, परळहून एसटी, रात्रभराचा प्रवास. मी पाटी-दप्तर चाळीत खुंटीला टांगून गेलो. वर्गातल्या मित्राची गोट्यांची पिशवी माझ्याकडे होती, ती परत द्यायची होती. शिमगा झाला, पालखी देवळात गेली, आणि आम्ही राहिलोच. रोज विचारायचो, कधी जायचं. आजी म्हणायची, उद्या. संप मिटेना, मुंबईत चार तोंडं खायला घालणं परवडेना. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवलं. जून १९८३ मध्ये मुंबईला परत आलो तेव्हा जुना वर्ग एक इयत्ता पुढे गेला होता. गोट्या कोणाला द्यायच्या?

आजीचा दोष नव्हता, तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. पण तिने मला खरं सांगितलं असतं तर मी रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो नसतो. इतकी वर्षं मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगत आलोय. गुरुवारी जिन्यात तुझं तोंड बघितलं आणि थांबा आठवला.

आता कामाचं. आई म्हणते, या वर्षी खो-खोची निवड १५ तारखेला, शनिवारी सकाळी आहे, म्हणून तू येत नाही म्हणतेस. हे मला सरळ का नाही सांगितलंस, असं विचारणार होतो. विचारत नाही.

तुझ्या डायरीच्या मागच्या कव्हरात दोन चिठ्ठ्या ठेवतोय. दोन्हींवर माझी सही आहे. पहिलीत १२, १३, १५ आणि १७ मार्च असे चार दिवस आहेत. दुसरीत फक्त १७. म्हणजे मी आणि तुझा भाऊ मंगळवारी रात्री तुतारीने पुढे जाऊ (तारीख १२ ची आहे, गाडी रात्री बारा पाचची, मागे एकदा मोठा काका याच घोळात एक दिवस उशिरा स्टेशनवर गेला होता). तू निवड आटोपून आईबरोबर शनिवारी दुपारी ठाण्याहून एसटी पकडायची. पोचायला रात्र होईल. तुझा जन्म २०११ चा, महामार्गाच्या चौपदरीकरणाचं कामही त्याच वर्षी सुरू झालं. तू आठवीत पोचलीस, रस्ता अजून पोचतोय. तरी रविवारी पालखी दारात यायच्या आधी नक्की याल. दोन्ही चिठ्ठ्यांत मजकूर असा आहे:

"मा. वर्गशिक्षिका यांस, गावी शिमगा असून दि. १६ रोजी आमच्या घरी पालखी येते. त्यासाठी माझी मुलगी वरील तारखांना शाळेत येऊ शकणार नाही. तिची तब्येत उत्तम आहे. बुडालेला अभ्यास घरी करून घेईन. मागील वर्षी मार्चमध्ये दिलेल्या चिठ्ठीत तापाचे कारण लिहिले होते, ते खरे नव्हते. ते मी लिहिले होते, मुलीने नाही. आपली परवानगी नसल्यास कृपया कळवावे."

बाई नाही म्हणाल्या तर? मग आजीला मी फोन करीन. काय सांगायचं ते माझं मी बघतो, तिलाही ताप सांगणार नाही. आणि तुला दोन्ही चिठ्ठ्या नको असतील, अजिबातच यायचं नसेल, तरी चालेल. आई तुझ्यासोबत राहील. तिने तसं आधीच सांगितलंय, तुमचं दोघींचं काय ठरतं ते मला नेहमी शेवटी कळतं.

फक्त रविवारी रात्री मी कामावर निघायच्या आत सांग. गाडी सुटायच्या ४८ तास आधी तिकीट रद्द केलं तर माणशी १२० रुपये कापतात, त्यानंतर जास्त. जिन्यात सांगितलंस तरी चालेल.

आणि खेळाच्या सरांना येऊन भेटू का? तुला वर्गात अवघड होणार असेल तर येत नाही.

तुझा,
पप्पा

ता. क. – विस्तारसूत्रांची वही दप्तरातून काढून टीव्हीवर ठेव. पाळीवर दोन ते चार काही काम नसतं, मी आधी शिकून घेतो.