मुलांच्या प्रश्नांना आकार देणाऱ्या समुद्रशास्त्रज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतलं काम सांभाळून आपण फोंड्याच्या मुलांना मुलाखत दिलीत, त्याबद्दल आभार. त्याहून मोठे आभार मुलाखतीच्या आधी आणि नंतर घेतलेल्या कष्टांबद्दल. शास्त्रज्ञांना भेटायला निघणाऱ्या इतर मुलांनाही उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहितो.

'प्रेरणा कोणाची?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'हे कळलं कसं?' आणि 'डोळ्यांना काय दिसलं?' हे विचारा, असं आपण सुचवलंत. त्या दोन प्रश्नांनी मुलाखत उभी राहिली. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यात प्राणवायू फार कमी होतो, हे पुस्तकी वाक्य. पण तो मोजतात कसा, हे विचारल्यावर पाण्याचा नमुना घेण्याची बाटली समोर आली. रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी दोन-तीन बाटल्यांइतकं वाहू द्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळून आकडा फुगतो. मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइड. प्राणवायू असेल तर तपकिरी साका, नसेल तर पांढरा. पांढरा साका पाहिलेल्या माणसाकडून हे ऐकणं वेगळंच! खालून वर आलेलं प्राणवायू-गरीब पाणी आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण, हे कारणही मग मुलांना सहज पटलं.

ध्वनिमुद्रणाबाबतच्या आपल्या सूचना आम्ही आता सगळ्यांना देतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर आणि घडी घातलेल्या रुमालावर, कारण टेबलावरची प्रत्येक टकटक थेट माईकमध्ये शिरते. दुसरा फोनही चालू ठेवायचा. पंचवीस मिनिटांवर थांबायचं. तासाभराचं बोलणं उतरवायला नवख्याला चार-पाच तास सहज लागतात आणि मुलं तिथेच हात टेकतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती आधी घ्यायची.

मसुदा तपासताना आपण मुलांची वाक्यं बदलली नाहीत, फक्त एककं तपासलीत. एक मिलिलिटर प्राणवायू म्हणजे सुमारे 1.43 मिलिग्रॅम, एककांची गल्लत झाली की आकडा दीडपटीच्या आसपास चुकतो. मजकूर गुळगुळीत करण्याचा मोह आपण टाळलात, म्हणून तो मुलांचाच राहिला. याचं मोल आम्हाला फार वाटतं.

पुढच्या गटाला खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेती) आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत येणाऱ्या खाऱ्या पाण्याबद्दल विचारायचं आहे. प्रश्नावली पंधरा दिवस आधी पाठवतो. 'कळलं कसं?' हा प्रश्न त्यात पहिलाच असेल.

आपले,
विज्ञान गटाचे मार्गदर्शक, फोंडा